तिसऱ्या घरातला आकडा

तो गुरुवार होता. सकाळी सातला यांनी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आणि चहा घेतला. आंघोळीला जातो म्हणाले, उठले आणि खाली बसले. रिक्षा आली. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं आणि यांचं हृदय थांबल्याचं सांगितलं. दुपारी आम्ही यांना घरी आणलं. तोवर बॅटऱ्या भरल्या होत्या.

पावसाळा तेव्हा संपत आला होता. येणाऱ्या हिवाळ्यात यांना एकच काम करायचं होतं. एक आकडा वाचायचा होता.

कळमनुरीच्या पुढं इसापूरच्या धरणावर थंडीत पट्टकादंब येतात. हंसाच्या कुळातला राखाडी पक्षी, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या आडव्या पट्ट्या. हिमालय ओलांडून येतात आणि थंडी सरली की परत जातात. आदल्या वर्षी त्यांच्या थव्यात यांना एक पक्षी दिसला, ज्याच्या गळ्यात हिरवी कॉलर होती. तिकडं मंगोलियात काही अभ्यासक या पक्ष्यांना अशी प्लॅस्टिकची हलकी कॉलर घालतात. तिच्यावर पांढऱ्या रंगात एक इंग्रजी अक्षर आणि दोन इंग्रजी आकडे असतात. पक्षी पुढं जिथं दिसेल तिथल्या माणसानं ते वाचून कळवायचं, म्हणजे तो कुठून कुठं गेला आणि जिवंत आहे, हे त्यांना समजतं.

यांना फोटो मिळाला एकच, फार लांबून. अक्षर एच होतं. पहिला आकडा सात होता. दुसरा तीन असेल किंवा आठ. डोक्यावरची मागची पट्टी डाव्या बाजूला मध्येच तुटलेली होती, ती मात्र ओळखू येत होती. यांनी फोटो पाठवला. उत्तर आलं, आभार मानले होते आणि लिहिलं होतं की शेवटचा आकडा नक्की कळल्याशिवाय नोंद धरता येणार नाही.

यांनी वहीत तीन घरं आखली. पहिल्यात एच लिहिलं, दुसऱ्यात सात. तिसरं घर मोकळं ठेवलं आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘तीन की आठ? पुढच्या हिवाळ्यात.’

“आठ लिहा की,” मी म्हटलं होतं. “आठसारखाच दिसतोय.”

“तुमच्या लायब्ररीत पुस्तकाच्या नंबरातला एखादा आकडा अंदाजानं लिहिता का तुम्ही?”

मी हिंगोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. चुकीचा आकडा पडलेलं पुस्तक इमारतीतच असतं, पण कुणालाच सापडत नाही.

दहावं-तेरावं झालं, लोक येऊन गेले. गावातला एक स्टुडिओवाला यांचा मित्र. लग्नाचे फोटो काढतो, पण मन पाखरांत. तो भेटायला आला तेव्हा त्याची नजर कपाटावरच्या पेटीकडं जात होती. “वहिनी, घाई न्हाई,” तो म्हणाला, “पण लेन्स द्यायची ठरली तर आधी मला सांगा. काच हाय, पडून राहिली की बुरशी धरती.” तो चांगुलपणानंच बोलला. तो गेल्यावर मी पेटी उघडली, बुरशी धरलीय का ते बघायला. धरली नव्हती.

सहाशेची, म्हणजे सहाशे मिलिमीटरची लेन्स. यांनी निवृत्तीनंतर सेकंडहँड घेतलेली, पांढरी, पाच किलोंच्या वर भरते. पुढं ऊन अडवणारं हूड लावून जमिनीवर उभी केली तर माझ्या गुडघ्याच्या वर येते. शेजारच्या खणात दोन टेलिकन्व्हर्टर होते. कन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायचं काचेचं कडं. त्यानं लेन्सची लांबी वाढते. यांनी त्यांना नावं ठेवली होती. एक पूर्णांक चार पटीचा तो धाकटा, दुपटीचा तो थोरला. धाकट्यानं सहाशेची लेन्स आठशे चाळीसची होते, थोरल्यानं बाराशेची. त्याबदल्यात उजेड जातो. धाकटा निम्मा उजेड खातो आणि थोरला जेमतेम पाव ठेवतो. हे मला चाळीस वर्षं पाखरं बघणाऱ्या माणसाच्या घरात राहूनही माहीत नव्हतं. यांच्या वहीत वाचून कळलं. वाचनाची मला सवय आहे, म्हणून मी वहीपासूनच सुरुवात केली.

महिनाभर मी गच्चीवर शिकले. लेन्स हातात धरायचीच नाही, पिशवीवर ठेवायची, एवढं आधी समजलं. यांची ती पिशवी मीच शिवून दिली होती, आत ज्वारी भरलेली. उंदरांनी तिचा एक कोपरा खाल्ला होता, तो परत शिवला. समोरच्या पाण्याच्या टाकीवर साळुंक्या बसतात. पहिल्या दिवशी माझ्या फोटोंत नुसती टाकी आली. चौथ्या दिवशी साळुंकीचं शेपूट आलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी साळुंकीच्या डोळ्यामागची पिवळी कातडी आली, तिच्यावरच्या बारीक सुरकुत्यांसकट. मी गच्चीवर एकटीच होते आणि “आली!” असं मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या बाईंनी खालून विचारलं, “कोण आलं?” 

जानेवारी लागताना थवा आल्याचं कळलं. मग मी दर रविवारी एसटीनं कळमनुरी आणि तिथून रिक्षानं धरणाकडं जाऊ लागले. लेन्स पाठीवर. पुण्याहून मुलगी फोनवर म्हणायची, “आई, पाच किलो घेऊन एसटीत उभी राहतेस?” मी म्हणायची, “बसायला जागा देतात. पेटीत काय आहे ते कळत नाही म्हणून घाबरून देतात.”

धरणाचं पाणी उतरलं की काठाची ओली जमीन उघडी पडते. तिला इकडं गाळपेर म्हणतात. आसपासच्या गावांतली आणि तांड्यांवरची माणसं तिथं हरभरा, गहू पेरतात. हंस पाण्याच्या कडेला या पिकाजवळ बसतात. मी वरच्या मुरमाड उतारावर, यांच्याच जुन्या जागेवर बसायची. तिथून थवा दिसायचा, हिरवी कॉलरही दिसायची. म्हणजे तो पक्षी परत आला होता. हे पहिल्या रविवारीच कळलं.

पण वाचता येत नव्हतं. थोरला लावला, बाराशे केली. चार रविवार गेले. पडद्यावर कॉलर मोठी दिसायची आणि तिच्यावरची अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी हलायची. एच आहे हे मला माहीत होतं म्हणून एच दिसायचं. मला वाटलं, माझा हात हलतोय. मग वाटलं, मी आणता-नेताना लेन्स कुठं आपटली. फेब्रुवारी लागला होता. वहीत यांनी लिहिलं होतं की शिवरात्रीच्या आसपास थवा उडतो. त्यानंतर तो पक्षी परत येईल की नाही हे कुणाला माहीत? वाटेत हजार गोष्टी होतात.

मी लेन्स घेऊन स्टुडिओत गेले. त्यानं ती बघितली, माझे फोटो बघितले आणि विचारलं, “किती वाजता काढले हे?”

“दहा. साडेदहा. एसटी पोचते त्यानंतर.”

“वहिनी, काच बराबर हाय आणि तुमचा हातही बराबर हाय. हवा उकळून राहिली.” त्यानं दोन्ही हात टेबलावर लांब पसरले. “ऊन चढलं की ओल्या जमिनीवरची हवा हलती. तुमच्यात आणि पाखरात तीनशे मीटर हवा हाय. थोरला पाखराला मोठं करतो ना, तसा त्या हवेलाही मोठं करतो. जवळ न्हाई नेत तो. जवळ आपल्याच पायानं जावं लागतं.”

“यांना माहीत नव्हतं हे?”

“माहीत होतं की. पण जवळ जाऊ देत न्हाईत ती पाखरं. सरांनी काय कमी केलं?”

ते बोलणं घेऊन मी पाचव्या रविवारी गेले आणि फोटो काढलेच नाहीत. उतारावर नुसती बसले. खाली गाळपेरात सात-आठ बायका ओळीनं बसून खुरपत होत्या. दुपारी माझ्याकडचं पाणी संपलं म्हणून मी खाली गेले. त्यांच्यातली एक म्हातारी, जवळच्या तांड्यावरची, तिनं कळशी कलती केली. तिची नजर माझ्या पाठीवरच्या पेटीवर होती.

“ही तर फोटोवाल्या सायबाची पेटी.”

“हो.”

“साहेब काहून न्हाई आले?”

मी सांगितलं. म्हातारीनं कळशी खाली ठेवली. बाकीच्या बायकांची खुरपी थांबली. ती म्हणाली, “तरीच. आमी म्हणून राहिलो होतो, औंदा झुडूप कसं दिसंना.”

“झुडूप?”

कुणीतरी फिसकन हसलं. म्हातारीनं तिला “गप गं” केलं, पण तिच्याही तोंडावर हसू आलं होतं. “रागावू नका बाई. साहेब पानापानाचे कपडे घालायचे ना? पोटावर सरकत सरकत यायचे चिखलातून. आमी इथं हरभऱ्यात बसलेलो. एकजण म्हणायची, आलं बघा झुडूप. मग झुडूप थोडं पुढं सरकायचं. पाखरं माना वर करायची. झुडूप थांबायचं. परत सरकायचं. मग सगळी भर्रकन उडायची आणि झुडूप उठून बसायचं अन् डोक्याला हात लावायचं.”

मला ते डोळ्यांपुढं दिसलं. यांनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं. कपडे धुताना चिखल दिसायचा तेवढाच. मी हसले. त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा हसले आणि मला ते थांबवता येईना. बायकाही हसायला लागल्या.

“तुम्ही इथं बसता तेव्हा उडत नाहीत?” मी विचारलं.

“आमाला काहून भितील? पहाटपासून चरतात हितं. आमी आलो की चार पावलं तिकडं सरकतात, बस. आमचाच हरभरा खातात अन् आमच्याकडंच बघतात.” म्हातारीनं हातातलं खुरपं धरणाकडं केलं. “बाई, जे लपून येतं ते खायाला येतं, एवढं त्यांना कळतं. साहेब लपायचे. तेवढीच चूक झाली त्यांची.”

यांनी सहा हिवाळे त्या चिखलात काढले होते. दरवर्षी अजून चांगले कपडे, अजून मोठी जाळी, मग थोरला. आणि पक्ष्यांपासून पन्नास पावलांवर या बायका रोज बसत होत्या. त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

पुढच्या शनिवारी मी संध्याकाळच्या गाडीनं गेले आणि तांड्यावर म्हातारीच्या घरी मुक्काम केला. उजाडताना आम्ही निघालो. मी जुनं सुती लुगड्यासारखं पातळ नेसले होते, डोक्यावरून पदर. लेन्सचा पांढरा रंग लांबून दिसतो म्हणून तिच्याभोवती म्हातारीनं तिचं एक फाटकं लुगडं गुंडाळलं होतं. लेन्स टोपल्यात आडवी, वर पोतं. टोपलं डोक्यावर घेण्याचा माझा विचार बायकांनी हाणून पाडला. “मोडंल मान तुमची,” म्हणत एका तरण्या बाईनं ते उचललं, चुंबळीवर ठेवलं आणि माझ्यापेक्षा झपाझप चालू लागली.

थवा हरभऱ्यात होता. शंभरेक पक्षी, माना खाली. आम्ही बोलत बोलतच गेलो, म्हातारीनं तसं बजावलं होतं. “गुपचूप न्हाई चालायचं. रोज बडबड करतो तशीच करायची.” त्या बोलत राहिल्या, कुणाच्या सुनेबद्दल, कुणाच्या म्हशीबद्दल. पक्ष्यांनी माना वर केल्या, आमच्याकडं पाहिलं आणि जरा पलीकडं सरकले. एवढंच. बायका ओळीनं बसल्या, मीही बसले. टोपलं पालथं केलं, त्यावर ज्वारीची पिशवी, पिशवीवर लेन्स, अंगावर पोतं. थोरला मी घरीच ठेवला होता.

उजेड कमी होता, म्हणून नुसती सहाशे लावली. डोळा लावला तर पंख, पाय, चोचीला लागलेला चिखल, सगळं दिसत होतं आणि काहीच हलत नव्हतं. हवा अजून थंड होती. मी एकेक गळा बघत गेले. चौदावा की पंधरावा हिरवा होता.

तो पाठमोरा होता. मग खाली वाकला. कॉलर हरभऱ्यात गेली. वर आला तेव्हा मला एच दिसलं, नीट, माहीत नसतानाही दिसलं असतं असं. त्याच्याशेजारी सात. पुढचा आकडा कॉलरच्या वळणापलीकडं होता. तेवढ्यात बांधावरून कुणाची तरी सायकल गेली आणि थव्याचा तो भाग उठून वीसेक पावलं लांब जाऊन बसला.

“गेलं?” म्हातारीनं खुरपता खुरपता विचारलं.

“लांब गेलं. पण आहे.”

ऊन आता गाळपेराला टेकलं होतं. उजेड वाढला होता आणि हवा उकळायला अजून अर्धा-पाऊण तास होता. धाकटा अशाच वेळेसाठी असतो. मी म्हातारीला म्हटलं, “आज्जी, जरा आडोसा करा, धूळ जायला नको.” ती माझ्याजवळ सरकली आणि पदराचं टोक माझ्या हातांवर धरलं. त्या पदराखाली मी कॅमेरा काढला, धाकटा बसवला, कॅमेरा परत लावला. झाकणं ठेवायला जागा नव्हती, ती तिनं कमरेला खोचलेल्या ओटीत टाकली. माझी बोटं चिखलानं भरलेली होती, पण काचेला लागली नाहीत. गच्चीवर हे मी डोळे मिटूनही केलं होतं.

लेन्स पिशवीत रुतवली. श्वास सोडला. हिरवा गळा सापडला. पक्षी खाली वाकून खात होता आणि मी वाट पाहत होते. तो वर आला, डावीकडं वळला. मागची काळी पट्टी डाव्या बाजूला मध्येच तुटलेली होती. त्याच्याखाली कॉलर सरळ माझ्याकडं होती.

एच. सात. तीन.

मी बटण दाबून धरलं. वीस फोटो, तीस फोटो. तीनची डावी बाजू उघडी होती, पूर्ण उघडी. आठ नव्हता. तो परत वाकला, परत वर आला. तीन. त्यानं मान खाजवली, कॉलर थोडी फिरली, मागं लिहिलेलंही पुढं आलं. तिथंही तीन.

“वाचलं!” मी म्हणाले. हळूच म्हणायचं होतं, पण जोरात निघालं. थवा उडाला. शंभर पंखांचा आवाज आमच्या डोक्यावरून पाण्याकडं गेला. मला त्याचं काही वाटलं नाही.

बायका खुरपी टाकून आल्या. कॅमेऱ्याचा पडदा हातोहात फिरला, प्रत्येकीनं आधी हात पदराला पुसले.

“काय लिवलंय?”

“एच, सात, तीन.”

“म्हणजे काय?”

“त्याचा नंबर आहे. आठ असेल असं मला वाटायचं. यांना नक्की करायचं होतं.”

“लई बेस झालं,” टोपलं उचलणारी म्हणाली. “आता नंबर कळला, तक्रार तरी करता येईल. इतका हरभरा खाल्ला एच सात तीननं.”

म्हातारी मात्र पडद्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग ओटीतून झाकणं काढून माझ्या हातावर ठेवली. “सायबाला दिसलं असतं तर नाचले असते,” ती म्हणाली.

“नसते नाचले. वहीत लिहिलं असतं आणि चहा मागितला असता.”

“मग लिवा. चहा आमी देतो.”

घरी येऊन मी दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. पट्टीची तुटलेली जागा, तिची लांबी, तिचा कल, सगळं एकच होतं. दोन्ही पाठवले. यांच्या फोटोखाली यांचं नाव लिहिलं आणि माझ्या फोटोखाली माझं. पाचव्या दिवशी उत्तर आलं. पट्टीवरून पक्षी एकच ठरतो, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि त्यांनी दोन्ही नोंदी धरल्या होत्या. आधीची यांच्या नावावर, या वर्षीची माझ्या. सोबत तो पक्षी मंगोलियातल्या कोणत्या तळ्यावर पकडून सोडला होता तेही होतं. मी नकाशाच्या पुस्तकात ते तळं शोधलं. तिथून हिंगोलीपर्यंत बोट फिरवलं. हिमालयावरून बोट न्यायला दोन सेकंद लागले.

स्टुडिओवाल्याला मी फोन केला. तो आधी ओरडलाच, मग म्हणाला, “मग लेन्सचं काय ठरलं, वहिनी?”

“ठरलं,” मी म्हटलं. “माझ्याकडंच राहील. बुरशी धरणार नाही.”

पुढच्या रविवारी मी म्हातारीच्या घरी गेले. पेढे नेले होते, फोटोच्या प्रती नेल्या होत्या. उंदीर लागलेल्या पिशवीतली ज्वारी तिच्या कोंबड्यांना टाकली आणि पिशवीत तिनं गाळपेराचा हरभरा भरून दिला. शिवरात्रीच्या चार दिवस आधी थवा उडाला. मी तेव्हा उतारावर होते. त्यांच्यात हिरवा गळा दिसतो का ते पाहिलं. दिसला नाही, फार उंच गेले होते.

लायब्ररीत आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही शाईनं लिहितात आणि तिच्यात खाडाखोड करत नाहीत. मी शाईचं पेन घेऊन यांच्या वहीतल्या तिसऱ्या घरात तीन लिहिला. खाली यांची पेन्सिलीची ओळ आहे, ती तशीच ठेवली.

आता कपाटात लेन्स आहे, धाकटा आणि थोरला आहेत, आणि वहीत तीनही घरं भरलेली आहेत.